हवा मोजणारा पाव्हणा

मी एसटीत कंडक्टर होतो आणि संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. गाडी सुटायच्या आतच खिडकीला डोकं टेकून घोरायला लागलेला माणूस, पोराचं वय विचारलं की आधी बायकोकडं बघणारा बाप, कुणी विचारलेलं नसताना "मागं काढलंय तिकीट" असं सांगणारी बाई, हे सगळे मला लांबूनच ओळखू यायचे. निवृत्त झालो, खाकी कपडे ट्रंकेत गेले, पण नजर काही ट्रंकेत ठेवता आली नाही. दारावर भाजीवाला आला तरी मी वाकून त्याच्या तराजूच्या खाली बघतो. बायको म्हणते, "तुमी देवाला बी तिकीट दाखव म्हणाल."

लेक आम्हाला एकच. ती विद्यापीठात शिकायला गेली आणि शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत घरी आल्यावर तिनं आईच्या आडून सांगितलं की तिला एक मुलगा पसंत आहे. सोयरीक जुळणारी होती, गाव पाटोद्याकडचं, घरी थोडी जमीन, तिथं बोट ठेवायला जागा नव्हती. मी एवढंच विचारलं, "काय करतो?"

"हवेवर काम करतो, आबा."

"हवेवर काम करणारे आपल्या गावात बी लई हायेत. सकाळपासून पारावर बसलेले असतेत."

ती हसली नाही. उजेडाचा किरण हवेतून जाताना त्याचं काय होतं, यावर तो संशोधन करतो, असं तिनं मला पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं आणि उठून आत गेली. एकुलत्या एका लेकीचा जन्म मी उजेडाच्या आणि हवेच्या भरवशावर सोडणार नव्हतो, म्हणून मी चौकशीला निघालो.

आमच्याकडं चौकशी मुलाच्या घरी जाऊन करत नाहीत. घरचे काय, चांगलंच सांगणार. चौकशी होते ती स्टँडवरच्या पानटपरीवर आणि कटिंगच्या दुकानात. पाटोद्याच्या रूटवर मी कित्येक वर्षं काढली होती, त्यामुळे तिथं मला माणसं शोधावी लागली नाहीत. पानटपरीवाल्याला मुलाचं नाव सांगून विचारलं, काय करतो हा? तो चुना लावता लावता म्हणाला, "ते व्हय? ते हवा करतंय." कटिंगवाल्यानं वस्तरा थांबवून सांगितलं, "पोरगं गुणी हाय हो, पन हवेत असतंय." तिसऱ्या एकानं तर हातच झटकला, "हवाच हाय सगळी, दुसरं काय."

परतीच्या गाडीत मी खुशीत होतो. फुकट्या सापडल्यावर व्हायची तशी ती खुशी. घरी येऊन तिघांचे जबाब लेकीला जसेच्या तसे ऐकवले. ती आधी माझ्याकडं बघतच राहिली आणि मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "आबा, तुमी इचारलं काय करतो, त्यांनी सांगितलं काय करतो. आता आजून काय पायजे?"

आई तिची तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग आला, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. खरंच, ते लोक त्याच्या कामाबद्दल बोलत होते की त्याच्या वागण्याबद्दल, हे मला ठरवता येईना. मग लेकच म्हणाली, त्याला उन्हाळ्यात मोजमाप करायला तापलेलं काळं रान हवंय, आपलं रान त्याला देऊ, तो चार दिवस इथं राहील आणि तुम्ही त्याला स्वतः बघा. मी लगेच हो म्हणालो. डोळ्यांसमोर असलेला माणूस जास्त दिवस सोंग करू शकत नाही, हा माझा अनुभव होता.

मे महिन्यात तो आला. केजपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपमध्ये मांडीवर खोकी घेऊन. खोक्यांना गोधडी गुंडाळली होती. उतरल्या उतरल्या वाकून पाया पडला आणि म्हणाला, "रामराम मामा." आता मामा म्हणजे काय? आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला मामा म्हणतात, कंडक्टरला मामा म्हणतात आणि सासऱ्यालाही मामाच म्हणतात. हा यातला कोणता मामा म्हणाला, याचा विचार मी त्याची खोकी उतरवून घेताना करत होतो.

रान नांगरून पडलं होतं. एका टोकाला विहिरीजवळ त्यानं तिवई उभी केली, तिच्यावर हातभर लांबीची एक नळी बसवली आणि दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या झाडाजवळ, पांढरा रंग दिलेली फळी रोवली. नळीतून लाल किरण निघायचा आणि फळीवर ठिपका पडायचा. फळीसमोर कॅमेरा होता. किरणात डोळा घालू नका, एवढं त्यानं बजावलं. मी लिंबाखाली बाज टाकून बसलो, म्हणजे एका नजरेत ठिपका आणि एका नजरेत तो.

सकाळी ठिपका भिंतीवरच्या कुंकवासारखा गप्प होता. ऊन चढलं तसा तो थरथरायला लागला, मग फाकला, मग फळीवर इकडून तिकडं नाचायला लागला. मला वाटलं तिवई हलली. उठून पाहिलं तर तिवई जागच्या जागी.

"किरण हलत न्हाई मामा," तो म्हणाला. "मधली हवा हलती. जमीन तापली की तिच्यावरची हवा तापती, वर चढती, गार हवा खाली येती. त्या उलाढालीत किरण वाकतो."

हे मात्र मला पटलं. दुपारच्या गाडीत केबिनजवळ उभं राहिलं की पुढं डांबरी रस्त्यावर पाणी साचलेलं दिसायचं आणि गाडी जवळ गेली की ते पुढं सरकायचं. ते पाणी मी नोकरीभर पाहिलं होतं. पण पटलं तरी मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"आन् हे कशासाठी?"

"उजेडातनं निरोप धाडता येतो मामा. तारेबिगर."

"आजून?"

तो थोडा थांबला. थांबणं मी लगेच टिपलं. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "आन् मोठा किरण असला तर आभाळातलं ड्रोन जाळता येतं."

"म्हंजे हत्यार हाय म्हण की."

"मी हत्यार करत न्हाई. मी हवा बघतो."

गाडीत पकडलेला प्रत्येक जण असंच काहीतरी बोलायचा, माझं तिकीट त्याच्याकडं आहे, मी फक्त बसलोय. मी ठरवलं की आता याला बोलतं करायचं. विचारलं, हवा एवढी आडवी येते तर जास्त जोराचा किरण सोडायचा. झालं, पोरगं खुललं. म्हणाला, तिथंच तर गंमत आहे. जोराचा किरण स्वतःच्या वाटेवरची हवा तापवतो, ती हवा विरळ होते आणि त्याच हवेत तो किरण फाकून जातो. चुलीच्या धगीपलीकडचं माणूस जसं हलतं आणि पसरतं, तसं. आडवं वारं असलं तर बरं, तापलेली हवा बाजूला निघून जाते. धूळ असली तर ती आपला वाटा खाते.

"मग आजून जोर लावायचा."

"लई जोर लावून एका जागी आणला तर हवाच फाटती मामा. ईज पडताना फाटती तशी. तिला प्लाझ्मा म्हणतेत. आन् ती पेटलेली हवा किरणालाच गिळती, म्होरं जाऊ देत न्हाई."

"आन् म्होरं लोखंड असलं तर?"

"आधी ते चकाकतं, उजेड माघारी फेकतं. मग तापून काळवंडतं. काळवंडलं की उजेड प्यायला लागतं. मग वितळतं, त्याची वाफ व्हती. पन ती वाफ बी पेटली की तिचा पडदा व्हतो, आन् किरण आडतो. म्हणून थांबत थांबत मारायचं. पडदा इरला की पुन्हा."

हे सगळं तो माझी बायको शेंगदाण्याच्या चटणीची रीत सांगते त्या आवाजात सांगत होता. मग त्यानं माझा चेहरा पाहिला आणि कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. जळण्याबद्दल इतकं मन लावून बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी माझी लेक जन्मभर ताटावर बसणार होती. आणि त्याहून जास्त भीती याची की तो जेवढं बोलला त्याच्या मागं आणखी काय आहे, ते मला दिसत नव्हतं.

त्याच दिवसांत कारखान्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या होत्या, गाव भरलेलं होतं आणि निवडणुकीचं वारं सुटलं होतं. रानात रोज माणसं जमायला लागली. कुणी विचारलं की पोरगं सरळ सांगायचं, हवा मोजतोय. लोक एकमेकांकडं बघून मान हलवायचे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण मी दुसऱ्याच संशयात गुंतलो होतो.

एका दुपारी आमच्या गटातल्या पुढाऱ्यांचा खास माणूस जीप घेऊन आला. पांढरे कडक कपडे, गॉगल. बांधावरूनच त्यानं विचारलं, "काय मोजतो बे?"

"हवा."

"कुणी धाडलं?"

"विद्यापीठानं."

खास माणूस हसला. विद्यापीठ असं नाव घेऊन सर्वे करणारे त्यानं पाहिले होते. "बरं. कशी हाय मग हवा आपल्याकडं?"

"सकाळी चांगली ऱ्हाती. एकदम स्थिर. ऊन चढलं की बिघडायला लागती. आता दुपारच्याला तर काईच सांगता येत न्हाई, सगळंच फिरतं."

"फिरतं? आन् म्होरं?"

"सांजच्याला बसती."

"बसती म्हणतो?"

"रोज बसती. मोजलंय मी."

खास माणसाचा चेहरा उतरला. तो जीपमध्ये बसून निघून गेला आणि मला तेव्हा कुठं उजेड पडला की या दोघांत काय बोलणं झालं. सकाळी चांगली, दुपारी फिरली, सांजेला बसली, म्हणजे पुढाऱ्यांचं काही खरं नाही. नशीब, त्यांच्या उमेदवारांत कुणी किरण नव्हता, नाहीतर "किरण टिकत न्हाई" हेही गावात गेलं असतं.

मी हसायला पाहिजे होतं. पण माझ्या मनात भलतंच आलं. हा खरंच दुसऱ्या पार्टीचा माणूस असला तर? ती नळी, ती फळी, ते मला सांगितलेलं प्लाझ्माचं पुराण, सगळं दाखवायचं असलं तर? पानटपरीवाला म्हणालाच होता, हवा करतंय. संशयाचं असं असतं की तो एका खुंटीवर टांगला की दुसरीवरही टांगता येतो.

दुसऱ्या दिवशी खास माणूस आणखी माणसं घेऊन आला. तोवर गावात झालं होतं की कंडक्टरच्या रानात मशीन लावून साहेबांची, म्हणजे पुढाऱ्यांची, हवा बसल्याचं काढलंय. एकानं तिवईला हात घातला. "साहेबांची हवा बसली म्हणून कावून सांगतो बे लोकांला?" पोरगं समजावत होतं, ही ती हवा नव्हे, ही श्वासातली हवा, पण त्याचं ऐकायला कुणी आलं नव्हतं. ते नळी उपसून विहिरीत टाकायच्या बेतात होते. बायको चहाची किटली घेऊन बांधावर आली होती, लेक तिच्या मागं. दोघी तिथंच उभ्या राहिल्या.

खास माणूस माझ्याकडं वळला. "मामा, तुमी आपले माणूस. खरं सांगा, ह्यो तुमचा कोण?"

लेक माझ्याकडं बघत होती. पोरगंही बघत होतं. आपला म्हणावं तर मी अजून काही ठरवलं नव्हतं, आणि परका म्हणावं तर त्याचं सामान विहिरीत जाणार, त्याच्यामागून कदाचित तोही. मी असा शब्द शोधला की ज्यात मी कुठंच अडकणार नाही.

"पाव्हणा हाय," मी म्हणालो. घरी उतरलेला माणूस, एवढाच माझा अर्थ.

तिवईवरचा हात सुटला. खास माणसानं गॉगल काढला. "आरारा. आधी सांगायचं न्हाई का मामा, जावाई हाय म्हणून. चुकलं आमचं. रामराम पाव्हणं." आणि ती सगळी माणसं लिंबाखाली बसून बायकोनं आणलेला चहा प्यायली. जाताना लग्नाला बोलवा म्हणून सांगून गेली. आमच्याकडं पाव्हणा म्हटलं की काय समजतात, हे मला काय कुणी शिकवायला पाहिजे होतं? पण जिभेला सुचला तो शब्द तोच. बायकोनं किटली उचलली आणि मला म्हणाली, "बरं झालं बाई, एकदाचं तोंडातनं आलं." लेक मात्र घरी जाताना जवळजवळ पळत गेली.

मला तो शब्द अजूनही मागं घेता आला असता. म्हणून सगळे गेल्यावर मी त्याला बाजेवर बसवलं आणि आडून न विचारता सरळ विचारलं, "किरण शेवटी कुणावर पडणार?"

त्यानं फळीवरच्या ठिपक्याकडं बघितलं. ऊन उतरत होतं, ठिपका हळूहळू गप्प होत होता.

"ठावं न्हाई मामा. आज तर ह्या फळीवर पडतोय. म्होरं नोकरी लागली तर ठावं होईल, पन सांगता येनार न्हाई. तुमाला न्हाई, तुमच्या लेकीला बी न्हाई. गप ऱ्हाईन. पन खोटं सांगनार न्हाई."

मी गाडीत हजारो बहाणे ऐकले. पाकीट मारलं, आजी आजारी, मागच्या गाडीतून उतरलो. पण कधीतरी एखादा माणूस मान वर करून म्हणायचा, न्हाई काढलं तिकीट. त्याच्यापुढं माझा तिकिटाचा पंच हातातच राहायचा. त्या पोरापुढं तसंच झालं. संशय गेला नाही, पण त्याच्याशी भांडायचं बळ गेलं. दिवाळी झाल्यावर नारायणगडाला जाऊन दर्शन घेतलं आणि लग्न लावून दिलं. खास माणूस आला होता, पुढच्या रांगेत बसून जेवला. निवडणुकीत पुढाऱ्यांची हवा बसलीच होती, त्यामुळे तो जावयाला फार मान देत होता.

पुढं जावयाला परराज्यात सरकारी नोकरी लागली. कुठं काय करतो, ते त्यानं सांगितलं नाही आणि शब्द दिल्याप्रमाणे खोटंही सांगितलं नाही. फोनवर मी विचारतो, कसं चाललंय? तो म्हणतो, बरं हाय मामा. लेकीला विचारतो, तीही म्हणते, बरं हाय आबा. तिच्या "बरं हाय"च्या मागं काय आहे ते मी फोन ठेवल्यावर बराच वेळ चाचपत बसतो. ती पूर्वी मला सगळं सांगायची. आता तिलाही काही गोष्टी माहीत नसतात, आणि माहीत नसण्याची तिनं सवय करून घेतली आहे, याचं मला वाईट वाटतं.

यंदा ते दोघं सुट्टीला आले होते. सांजेला आम्ही जेवायला बसलो आणि टीव्हीवर बातमी लागली की कुठल्याशा चाचणीत जमिनीवरून सोडलेल्या किरणानं आभाळातलं ड्रोन पाडलं. चित्र दाखवत होते. आवाज नाही, काही नाही. ड्रोन उडत होतं, त्याच्या पंखावर एक जागा उजळली, धूर आला आणि ते लुळं पडून खाली गेलं. बातमी सांगणारा ओरडत होता. मी सवयीनं टीव्ही सोडून जावयाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो टीव्हीकडं बघतच नव्हता. भाकरीचा तुकडा त्यानं कालवणात बुडवून तसाच धरला होता. मग ताटाकडं बघत, कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "हवा चांगली व्हती त्या दिवशी."

भाकरीच्या टोपलीवर लेकीचा हात थांबला. तिलाही ते आत्ताच कळलं, हे मला त्या हातावरून कळलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते असं ताटात येऊन पडलं होतं. तू कुठं होतास, आधी कशाकशावर मारून पाहिलं, उद्या त्या ड्रोनच्या जागी काय असणार, सगळे प्रश्न दाराशी गर्दी करून उभे राहिले. आता विचारलं असतं तर गप्प राहणंही उत्तरच झालं असतं, मग त्याला खोटं बोलावं लागलं असतं. खोटं सांगणार नाही, एवढ्या एका बोलावर मी त्याला लेक दिली होती.

"भाकर वाढ पाव्हण्याला," मी लेकीला म्हणालो आणि उठून टीव्ही बंद केला.